समुद्रकाठची चाकं

माजलगावात समुद्र नाही. हे सांगावं लागतंय, कारण आमच्या घरात ते मोठ्याने बोलायची सोय नाही. धरणाचं पाणी आहे, पण उन्हाळ्यात ते इतकं मागे सरतं की आमच्या घरातून पाण्यापेक्षा चिखलात बसलेल्या म्हशीच जास्त दिसतात. माझे यजमान केदारनाथ मोंढ्यात शेतमालाची आडत चालवतात. एका खत कंपनीच्या खर्चाने ते गोव्याला गेले आणि तिथल्या हॉटेलातलं सरकतं काचेचं दार डोक्यात घेऊन परतले. नवं घर बांधताना त्यांनी पाण्याकडची अख्खी भिंत उडवली आणि तसलंच दार बसवलं. तेच आमचं मुख्य दार. शिवाय घरभर फरशी एका पातळीत. कुठे ठेच लागायला नको आणि सोफा हलवायला सोपं. सोफा आल्या दिवसापासून जागचा हललेला नाही.

पहिले काही महिने दार लोण्यासारखं सरकलं. केदारनाथ पाहुण्यांना ते एका बोटाने उघडून दाखवायचे आणि पाहुण्यांचा चहा गार व्हायचा. मग दाराला कंठ फुटला. आधी कुरकुर, मग खरखर, मग अशी किंकाळी की पलीकडच्या म्हशी मान वर करून बघायच्या. सासरे मन्मथप्पांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे घरात तेवढे एकटेच सुखी होते.

उपाय सगळ्यांनी केले. केदारनाथांनी दाराखालच्या रुळात खोबरेल सोडलं, मग ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं. धाकटा दीर बसवेश्वर मोबाइलवर काहीतरी बघून शिवणयंत्राचं तेल ओतून गेला. दार जरा वेळ गप्प बसायचं आणि मग राहिलेला आवाजही वसूल करायचं. शेवटी बीडहून अमरसिंह आला. तो काचकाम करतो आणि बोलतो. बोलतो जास्त चांगलं.

"शेठ, समोर पाणी हाय. हवेतली ओल चाकं खातीय," तो म्हणाला. "तुमाला समुद्रकाठच्या बंगल्याची चाकं लागतेत. खारी हवा बी वाकडं करू शकत न्हाई त्यांचं."

"भाऊ, इथं मीठ फक्त डब्यात असतं," मी म्हणाले. केदारनाथांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मी त्यांच्या समुद्राचा अपमान केला.

चाकं बसवताना अमरसिंह रुळावर उभा राहिला, तशा सासूबाई लगबगीने पुढे आल्या. "भाऊ, त्याच्यावर पाय देऊ नको रे." आम्हाला वाटलं, यांना चाकांची काळजी! समुद्रकाठची ती चाकं पोळ्याला बसली आणि दिवाळीच्या आत किंचाळायला लागली.

तेवढ्यात बसवेश्वरचं लग्न ठरलं. मुलगी बीडची, योगिता. केदारनाथांना आता एकच घोर. नवरी दारात, मागे वऱ्हाड, आणि दाराने बोंब मारली तर? लग्नाआधी दार मुकं झालंच पाहिजे, असा त्यांनी अमरसिंहाला फोनवर दम दिला.

या खेपेला अमरसिंहाने काच उचलून भिंतीला टेकवली आणि रुळात पेचकस घातला. जे वर आलं ते बघून त्याची बडबड थांबली. हळद, कुंकू, विभूती, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि त्यावर आम्ही सगळ्यांनी ओतलेली नाना तेलं. सगळं मळून एकजीव झालेलं. समुद्रकाठची चाकं त्यात झिजून चपटी झाली होती.

"हे काय हाय?" केदारनाथ ओरडले.

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. "उंबऱ्याची पूजा. तुमी समदे झोपलेले असता तवा करते."

"आई, उंबरा न्हाई हा. ट्रॅक हाय. यात चाकं फिरतेत."

"बरं. मग उंबरा कुठंय?"

केदारनाथांनी इकडे तिकडे बघितलं. मीही बघितलं. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, सगळीकडे एकसारखी चकचकीत फरशी. उंबरे त्यांनीच नकाशातून काढायला लावले होते.

"आजकाल कुणी करत न्हाई उंबरे," ते म्हणाले. "अन् यापुढं इथं हळदीचं बोट बी लावायचं न्हाई. लग्न हाय घरात."

"लग्न हाय म्हणूनच उंबरा लागतो की बाबा," त्या म्हणाल्या. पण मालक तोवर नव्या चाकांचा रंग निवडण्यात गुंतले होते.

नवी चाकं बसली. दार खरंच मुकं झालं. सासूबाईही. सकाळी पूजेचं ताट घेऊन त्या दारापर्यंत यायच्या, थोडं थांबायच्या आणि परत जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "रुचिका, सुनेला आत घ्यायची कुठून गं? माप कुठं ठेवायचं?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. मला त्यांनी भाड्याच्या घरात आत घेतलं होतं, पण त्या परक्या घराचा उंबराही सकाळी स्वतः सारवून, पुजून ठेवला होता. मी केदारनाथांना हे सांगितलं. ते म्हणाले, "समदं जुळलंय, आता खुसपट काढू नको."

लग्न लागलं, वरात दारात आली. केदारनाथांनी एका बोटाने दार सरकवलं. चकार आवाज नाही. वऱ्हाडात कौतुकाची कुजबुज झाली आणि मालकांची छाती फुगली. आत सासूबाई तांदळाने भरलेलं माप दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"केदार," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माप कुठं ठेवू?"

सगळ्यांच्या नजरा खाली फरशीकडे गेल्या. "उंबरा न्हाई का हो घराला?" योगिताची आत्या सत्यशीलाबाई म्हणाल्या. कौतुकाची कुजबुज आता वेगळीच झाली.

"ठेव की फरशीवर," केदारनाथ हळूच म्हणाले.

"फरशीवर न्हाई ठेवणार मी. फरशी दुकानात बी असती." त्यांनी माप दोन्ही हातांनी छातीशी धरलं. इतकी वर्षं वाट बघितलेला क्षण हातात होता आणि तो टेकवायला जागा नव्हती. योगिता खाली मान घालून उंबऱ्याची वाट बघत होती.

केदारनाथांनी त्या हातांकडे बघितलं. मग इस्त्रीच्या कपड्यांसकट ते खाली बसले, आईच्या हातातलं माप घेतलं आणि स्वतः रुळावर ठेवलं.

"हाच उंबरा हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "हळद-कुंकू आण."

सासूबाईंनी रुळाला विभूतीची बोटं ओढली, हळद-कुंकू लावलं. योगिताने उजव्या पायाने माप लवंडलं. निम्मे तांदूळ घरात आले आणि निम्मे रुळात गेले. "शेठ, चाकं!" वऱ्हाडातून अमरसिंह कळवळला. त्याला लग्नाला आम्हीच बोलावलं होतं.

त्या दिवशी दार अर्ध्यातच अडकलं आणि धरणावरचे सगळे डास आमच्याकडे लग्नाला आले. आता सकाळी सासूबाई आणि योगिता मिळून पूजा करतात आणि दार पुन्हा किंचाळतं. अमरसिंहाला बोलावू का, असं मी एकदा विचारलं. केदारनाथांनी पांघरूण कानावर ओढलं आणि म्हणाले, "कशाला? उंबरा हाय तो."

पाहुण्यांना ते आता दार दाखवत नाहीत. संध्याकाळी मोंढ्यातून येतात, दोन्ही हातांनी दार ढकलतात, आणि रुळावर पाय न देता, ओलांडून आत येतात.