यूसुफभायच्या पसंतीची कुत्री

शत्रुघ्नने कुत्रीचा पुढचा पाय उचलला, पंजा उलटा केला आणि बोटांच्या बेचक्यात अडकलेली वाळू अंगठ्याने झाडली. कुत्री तीन पायांवर निवांत उभी राहिली. तिने एक जांभई दिली आणि कुंपणाशी उभ्या शेळ्यांकडे बघत राहिली.

"तळवे बघा यूसुफभाय. टायरवानी हायत. उन्हाळ्यात रेती तापली तरी हिला काय व्हायचं नाय."

यूसुफ बराच लांब, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभा होता. जुम्म्याचा दिवस. न्हाऊन, अत्तर लावून, पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून तो आला होता आणि लेंगा त्याने घोट्याच्या वर असा खेचून धरला होता की बघणाऱ्याला वाटावं, खाली पाणी भरलंय. दुसऱ्या हातात खजुराच्या फांदीची काठी होती.

"रंग बघ तिचा," तो म्हणाला. "सगळी रेतीसारखी. रेतीत दिसायचीच नाय."

"कोल्ह्याला दिसली नाय म्हंजे बरंच की."

"मला दिसली पायजे ना."

शत्रुघ्नने पाय खाली ठेवला आणि दुसरा उचलला. एवढ्या वर्षांत यूसुफभायशी वाद घालायचा नसतो, काम चालू ठेवायचं असतं, हे तो शिकला होता.

वफ्रातलं हे शेत एका बड्या कुवेती मालकाचं. हरितगृहांत काकडी-टोमॅटो, मागे खजुरीची बाग आणि तिच्यामागे शेळ्यांचा गोठा. मालक थंडीच्या दिवसांत पाहुण्यांना घेऊन यायचा, बाकी वर्षभर कारभार यूसुफच्या हातात. यूसुफ बाणकोटचा. शत्रुघ्न खाडीच्या पलीकडचा, बागमांडल्याचा. तिकडे तरीच्या एका फेरीचं अंतर, पण दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते इथे, वाळवंटात. शत्रुघ्न हरितगृहांच्या लोखंडी कमानी वेल्डिंग करायला कंत्राटावर आला होता. कमानी उभ्या राहिल्या, कंत्राट संपलं, आणि तरी तो राहिला. मग शेळ्या त्याच्याकडे आल्या आणि शेळ्यांबरोबर खंड्या नावाचा कुत्राही.

खंड्या उन्हाळ्यात गेला, म्हातारपणाने. तेव्हापासून कोल्ह्यांना आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळीला गोठा म्हणजे आपलं माजघर वाटू लागलं. थंडीत झालेल्या करडांपैकी कितीतरी गेली. मालकाने निरोप पाठवला, राखणीला चांगला कुत्रा बघा. नेमका त्याच सुमारास शत्रुघ्नने मालकाला सांगितलं, मी आता कायमचा गावी जातो. गुडघे बोलू लागले होते आणि घरी बायको, मालन, वाट बघत होती. मालक भला माणूस, त्याने आडकाठी केली नाही. शत्रुघ्नने मात्र आपणहून शब्द दिला, की गोठ्याला कुत्रा लावून दिल्याशिवाय जायचा नाही. आणि हा शब्द देताना त्याने आणखी एक गोष्ट जोडली, जी त्याला चांगलीच महागात पडली.

"मी गेल्यावर सांभाळायचा यूसुफभायनी," तो म्हणाला होता. "म्हणून त्यांच्या पसंतीचाच घ्यायचा."

आता यूसुफला कुत्र्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. राखणीला कुत्रा ठेवायला मनाई नाही हे तो जाणून होता, पण कुत्र्याचं ओलं नाक अंगाला लागलं की पाक होण्याचा खटाटोप फार, म्हणून आयुष्यभर तो कुत्र्यांपासून अंग चोरून राहिला. खंड्याची ताटलीसुद्धा तो काठीने सरकवायचा. असा माणूस कुत्रा पसंत करायला बसला, तो अगदी मुलीसाठी स्थळ बघावं तसा.

पहिली आली मालकाच्या मित्राची अस्सल सलुकी, अरबांची शिकारी कुत्री. लांब पाय, बारीक कंबर, वाऱ्यासारखी पळणारी. तिने क्षितिजाजवळ काहीतरी हललेलं पाहिलं, कुंपणावरून उडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातून तिला उचलून आणावं लागलं. मग आला मेंढ्यांमागचा कुत्रा. शब्द पडू द्यायचा नाही, पण कोल्हा गोठ्यातून निघून पार दिसेनासा झाला तरी हा आपला अर्ध्या वाटेत धापा टाकत होता. या दोघांना नको म्हणणं शत्रुघ्नलाही पटलं. मग मालकानेच फोनवर तोड सांगितली. सलुकीला मेंढ्यांच्या कुत्र्यापासून झालेलं पिल्लू घ्या, पाय आईचे आणि कान बापाचे. इंग्रज लोक अशा संकराला लर्चर म्हणतात आणि कामाला तोच घेतात.

तिथून यूसुफ खरा रंगात आला. एका लर्चरचे कान त्याला सारखे वाटले नाहीत. दुसरा अंगाने फार काटकुळा निघाला. तिसऱ्यावर तर त्याने असा आळ घेतला की, मी नमाज पढत असलो की हा टक लावून बघतो. शत्रुघ्न प्रत्येक वेळी मान हलवायचा, गाडी काढायचा आणि कुत्रा ज्याचा त्याला परत देऊन यायचा. रस्ताभर तो कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून असायचा.

आजची कुत्री इद्रिसकडची होती. इद्रिस सुदानी धनगर, शेजारच्या शेतावर मेंढ्या राखणारा. आपल्या कुत्रीच्या वेतातलं सगळ्यात गुणी जनावर आहे म्हणून तो स्वतः घेऊन आला होता आणि आता पिकअपच्या मागे दोरीला मेंढीचं जुनं कातडं बांधत होता.

"झैन?" त्याने विचारलं. बरं ना?

"चालव," शत्रुघ्न म्हणाला.

पिकअप निघाली. कातडं वाळूवरून उड्या मारत ओढलं जाऊ लागलं. शत्रुघ्नने कुत्रीच्या गळ्यावरचा हात काढला. ती लगेच सुटली नाही. आधी तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पोट जमिनीला टेकेल इतकं अंग लांबवून ती निघाली, आणि यूसुफच्याही हातातली काठी जरा खाली आली. शेळ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. त्यांच्या अगदी जवळून ती गेली, पण एकीलाही तिने धक्का लावला नाही. खजुरीच्या रांगेपर्यंत तिने कातडं गाठलंच होतं. तेवढ्यात शत्रुघ्नने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली.

कुत्री जागच्या जागी वळली. कातडं पुढे निघून गेलं. ती मात्र धावत परत आली आणि शत्रुघ्नच्या गुडघ्याशी येऊन बसली.

शत्रुघ्नने तिच्या पाठीवरची धूळ झाडली. खंड्याला हे शिकवायला त्याचे दोन उन्हाळे गेले होते.

"बघितलंत?" तो म्हणाला.

"बघितलं," यूसुफ म्हणाला. "अर्ध्यात सोडलान. कोल्हापण असाच सोडंल."

"बोलावली म्हणून सोडलान, यूसुफभाय."

"उद्या मी खोकलो तरी सोडंल."

हे बोलल्यावर यूसुफने काठी उगाचच ओट्यावर आपटली. ही खोड आपण नुसती काढायची म्हणून काढली, हे त्याचं त्याला कळलं होतं. इद्रिस गाडीतून उतरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. भाषा त्याला कळत नव्हती, पण सौदा फिसकटतोय हे कळत होतं.

शत्रुघ्न उठला, गुडघा चोळला आणि ओट्याच्या कडेला, यूसुफच्या पायाशी बसला. कुत्री त्याच्यामागोमाग आली. यूसुफने लेंगा आणखी वर घेतला.

"मालन फोनवर रोज इचारते," शत्रुघ्न म्हणाला. "मी सांगतो, कुत्रा गावला नाय अजून. काल बोलली, तिकडं सगळी माणसं मेली काय, कुत्र्यावाचून अडलंय तुमचं?"

यूसुफ हसला नाही.

"रागावली आसंल."

"नाय. तिनं पडवीत नवी खाट आणून ठेवलीय. तिथं बसून खाडी दिसते. खाटेवर कोणाला बसू देत नाय, सुनेला पण. तेवढंच सांगत होती." शत्रुघ्नने कुत्रीच्या कानामागे खाजवलं. "मी तुमच्याकडं तक्रार नाय करत. मालकाला शब्द दिलाय, तुम्हाला पसंत पडल्याबिगर जायचो नाय. तुम्हाला ही पण नको आसंल तर नको. दुसरी बघू. तवर मी हाय इथं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तसा तो असता तर यूसुफला बरं वाटलं असतं, उलटून चार शब्द ऐकवता आले असते. पण शत्रुघ्न खरंच तसंच म्हणत होता. आणखी एक नको म्हटलं की तो आणखी एक महिना थांबेल, आणखी दोन नको म्हटले की रमजान इथेच करेल, आणि तोंडातून एक वाकडा शब्द काढणार नाही. एवढं सोपं होतं.

यूसुफने समोर पाहिलं. शत्रुघ्न सोडला तर या शेतावर बांगलादेशी होते, मिसरी होते, नेपाळी होते, सगळे सलाम करणारे आणि हिंदीत कामापुरतं बोलणारे. संध्याकाळी ओट्यावर बसून 'आज भरती किती वाजता आसंल रे आपल्या खाडीत' असं विचारावं, आणि समोरच्याने खरोखर हिशेब करून सांगावं, असं कोणी नव्हतं. बायको हफिजा बाणकोटला, फोनवर नातवंडांच्या गडबडीत अर्धं बोलणारी. शत्रुघ्न जाऊ नये असं यूसुफला वाटत होतं, इतकी साधी गोष्ट होती. आणि ती सांगायची सोडून तो गेले कितीतरी आठवडे मुक्या जनावरांच्या खोडी काढत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षाही, खाडीकडे तोंड करून ठेवलेल्या त्या रिकाम्या खाटेचं त्याला वाईट वाटलं.

त्याने काठी टाकीला टेकवून ठेवली आणि ओट्यावरून खाली उतरला. लेंगा सोडून दिला. लेंग्याची कड वाळूत लोळली.

कुत्र्याला कसं बोलावतात हे त्याला ठाऊक नव्हतं. शत्रुघ्नसारखी शीळ त्याला यायची नाही. खाली वाकून, नातवंडांना बोलवायचा तसा, त्याने उजवा हात पुढे केला.

"ये गं. ये बाय इकडं."

कुत्रीने शत्रुघ्नकडे पाहिलं. शत्रुघ्न हलला नाही. मग ती उठली, सावकाश आली, तिने यूसुफची बोटं हुंगली आणि तळहातापासून मनगटापर्यंत त्याचा सगळा हात चाटून काढला. यूसुफच्या अंगावर काटा आला तो दिसला. पण हात तसाच पुढे राहिला. दुसऱ्यांदाही तिने चाटलं.

"जीभ भारी गरम आसते की रे," तो म्हणाला.

"यूसुफभाय, आज जुम्मा हाय."

"म्हायत हाय मला." यूसुफ इद्रिसकडे वळला. "खलास. हीच."

इद्रिसने हात छातीवर ठेवला, मोकळा हसला आणि दोरी सोडवायला पिकअपकडे गेला. शत्रुघ्न मात्र जागेवरून उठला नव्हता. तो एकदा कुत्रीकडे बघत होता, एकदा यूसुफच्या ओल्या हाताकडे. इतके आठवडे ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता, आणि आता त्याचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

"उद्याच तिकिटाचं बघ," यूसुफ म्हणाला. "बोलशील तर मालकाला मीच फोन करतो. आणि ऊठ आता, पाणी घाल मला. गाडी मशिदीला निघायची वेळ झाली."

दोघं नळाशी आले. कुत्र्याची लाळ लागलेला हात सात वेळा धुवायचा आणि त्यातलं एक पाणी मातीचं, हा नेम. शत्रुघ्नने वाकून मूठभर स्वच्छ माती घेतली, मगातल्या पाण्यात कालवली आणि ते गढूळ पाणी यूसुफच्या मनगटावरून हळूहळू सोडलं. हा नेम त्याने कोणाला विचारला नव्हता. इतकी वर्षं एका ओट्यावर काढल्यावर काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

मग साधं पाणी. एक मग, दुसरा मग. दोघंही मान खाली घालून उभे होते. पाणी वाळूवर पडत होतं आणि पडल्या जागी जिरत होतं. कुत्री शेळ्यांच्या कुंपणाशी जाऊन बसली होती, तोंड खजुरीच्या रांगेकडे, जिथून कोल्हे यायचे.

"सात झाले," शत्रुघ्न म्हणाला.

यूसुफने हात मागे घेतला नाही.

"नाय. सहाच झाले."

शत्रुघ्नने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याने नळाखाली मग धरला आणि पुन्हा काठोकाठ भरला.