सोललेले शिंगाडे

लाखनीच्या हर्षाबाईंनी पन्नाशीत ब्रश हाती घेतला आणि चितारलं काय, तर खाऊ! देव नाही, डोंगर नाही, सूर्यास्त तर अजिबातच नाही. होळीच्या गाठी, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल फिरवणाऱ्या पोरांना घरोघर मिळणारे फुटाणे, मुरमुऱ्याचे लाडू, सगळं लहानपणी खाल्लेलं. "चित्रानं पोट भरते का?" असं त्यांचे यजमान धर्मेंद्र चिडवायचे आणि दहादा येऊन बघून जायचे. दिवाळीआधी शाळेच्या हॉलमध्ये चित्रं मांडली, तेव्हा ओळखीपाळखीचे सगळे येऊन गेले.

लोकांनी एकेक खाऊ बरोबर ओळखला. एका चित्रापाशी मात्र गाडी अडली. लहान मुलीच्या तळहातावर पांढरंशुभ्र काहीतरी. कुणी लसूण म्हणालं, कुणी खोबरं. शेजारच्या मंगलाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे काय होय वो?"

"शिंगाडे."

"अवो, शिंगाडे असे राहतेत का? काळं सालटं कुठी गेलं? शिंगाबिगर शिंगाडा कोणी ओळखन का?"

सगळे हसले. हर्षाबाईही हसल्या, पण घरी येईस्तोवर त्यांच्या जिवाला चैन पडेना. खरंच, सालटं कुठं गेलं? मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण जन्मात शिंगाडा सोललेलाच नाही. माहेरी कोंढ्याला या दिवसांत बाबा बोडीवरून, गावच्या तळ्यावरून, टोपलंभर शिंगाडे आणायचे, आई उकडायची आणि थोरला भाऊ, खुशालदादा, ओसरीवर बसून दातांनी सालटं फोडायचा. काटे त्याच्या ओठांना टोचायचे, बोटं काळी व्हायची. लहानग्या हर्षाच्या हातावर पडायचा तो नुसता पांढरा गर. शिंगाड्याला काटे असतात एवढं तिला माहीत होतं. ते कसे टोचतात, हे कधी कळलंच नाही.

आणि त्या खुशालदादाशी आता बोलणं नव्हतं. हर्षाबाईंच्या लेकीनं, तृप्तीनं, पुण्याला कोर्टात घाईनं लग्न लावलं. भाचीच्या लग्नात मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. इथे मामाला फोन गेला तो हार घालून झाल्यावर. "बरं झालं," एवढंच म्हणून खुशालनं फोन ठेवला, आणि तेव्हापासून कोंढ्याच्या मंडईचं बोलावणं बंद झालं. आमच्याकडं दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, सोयरेधायरे जमतात, रात्रभर नाटक चालतं. मंडईचं बोलावणं नाही म्हणजे लेकीला माहेरचं दार लोटलेलं. हर्षाबाईही त्याच बापाच्या! बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणाल्या, आणि भाऊ नसलेल्या बाईसारख्या दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळत राहिल्या. पण मंडईचे दिवस आले की घास गोड लागायचा नाही. दादाची इतकी आठवण यायची की स्वतःचाच राग यायचा.

यंदाही त्यांनी चंद्राला ओवाळलं. कोंढ्याच्या मंडईच्या दिवशी मात्र ते चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीत बसल्या.

शकुनवहिनी दारातच गळ्यात पडली. खुशाल बाजेवर बसला होता. त्यानं तोंड फिरवलं.

"कोणी बोलावलं होतं?"

"कोणीच नाही. बिनबोलावता आली," हर्षाबाई म्हणाल्या आणि लुगडं सोडून चित्र त्याच्यापुढं धरलं.

खुशालनं डोळे बारीक केले.

"शिंगाडे होत."

"लाखनीत... कोणालेच ओळखू नाही आले, दादा. तुले कसे आले?"

"मीच तर सोलले होते."

बाहेर मंडईतले भोंगे वाजत होते. खुशालनं चित्रातल्या त्या तळहातावरून बोट फिरवलं. मग खाली मान घालून त्यानं विचारलं, "लग्नात पोरीच्या पाठीमांगं कोण उभं होतं?"

"कोणीच नाही. तुह्या जागेवर कोणाले उभं करू?"

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. वहिनीला हाक मारून उकडलेल्या शिंगाड्यांचं टोपलं मागवलं आणि ते बहिणीकडं सरकवलं.

"तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं माह्ये दात नेले वो बाई. घरात शिंगाडे येतेत, मी पाहत बसतो."

हर्षाबाईंनी एक काळा शिंगाडा उचलला, दातांत धरून फोडला. काटा ओठात घुसला. डोळ्यांत पाणीच आलं.

"टोचला?" खुशालनं विचारलं.

"टोचला," त्या म्हणाल्या, आणि पांढरा गर त्याच्या तळहातावर ठेवून दुसरा शिंगाडा उचलला.