झानीसचं काळं छप्पर

देवमाता पानागियाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती त्या दिवशी पेटवलेलीही नव्हती, तरी दुपारपर्यंत ती मान टाकून वाकली. ते पाहून आनेझाने आढ्याला हात लावला, तर तो ठरेना. ऑगस्टच्या उपासाचा पाचवा दिवस. तेलाचा थेंबही पोटात नव्हता.

"आई, बाळाचं दुपटं अजून कोरडंच आहे," खाटेवरून तिची बाळंतीण लेक मोस्का म्हणाली. "सकाळपासून."

बाळ एकतीस दिवसांचं होतं. काल ते किंचाळत होतं. आज गप्प होतं. छातीशी धरलं तरी ओठ हलवेना.

एकच खोली. चाळिसाव्या दिवशी देवळात आशीर्वाद मिळेपर्यंत बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, आणि बेटावर कुणी त्यांना आपल्या घरात घेतही नाही. डॉक्टरची होडी परवा येणार होती.

शेजारची मारुसोमावशी दारातच थांबली. आत डोकावली आणि तिने छातीवर क्रूस काढला.

"आनेझा, ऐक माझं. पोराला हवेत उंच धर, तीनदा त्याचं नाव घे, घरातल्या घरात बाप्तिस्मा होईल. पाद्रीबाबांची वाट बघत बसू नकोस. बिननावाचं गेलं तर काय तोंड दाखवशील देवाला?"

"मावशी, तोंड सांभाळ!"

"मी काय वाईट बोलले? तुझा झानीस असता तर त्यानेच धरलं असतं."

आनेझा घागर घेऊन जिन्याने वर गेली. छतावर पाणी तरी ओतावं. नाव घेणं म्हणजे पोराला जायची परवानगी देणं, असं तिला वाटत होतं.

वर पाऊल टाकताच ती ओरडली. गळती थांबावी म्हणून गेल्या पावसाळ्याआधी तिच्या नवऱ्याने, झानीसने, सबंध छताला डांबर फासलं होतं. आता ते मऊ होऊन फुगलं होतं, जागोजागी भेगाही पडल्या होत्या. चप्पल त्यातच रुतून राहिली. अनवाणी पाय पोळला, तशी ती उडी मारून मारुसोच्या लागून असलेल्या छतावर गेली.

तिथे तिला उभं राहता आलं.

तिने दुसरंही पाऊल टेकवलं. तोच सूर्य. मारुसोचं मांजर पांढऱ्या चुन्यावर पाय पसरून झोपलं होतं. आनेझाने मागे वळून आपल्या काळ्या छताकडे पाहिलं. त्याच्या बरोबर खाली खाट होती.

ईस्टरला लावायचा म्हणून झानीसने पिंपात चुना भिजवून ठेवला होता. ईस्टरआधीच्या उपासातच झानीस वारला. सुतकाच्या घराला वर्षभर चुना लावत नाहीत. पिंप झाकलेलंच राहिलं.

"मावशी!" ती वरून ओरडली. "अंगणातली वाळू बादलीने वर दे."

"कशाला?"

"डांबरावर चुना धरणार नाही. आधी वाळू दाबते."

मारुसोचा आवाज चिरकला. "चुना? अगं, चार महिने झाले नाहीत त्याला! घर पांढरं करतेस? गाव म्हणेल, हिला नवरा नकोच होता."

"म्हणू दे."

"त्याच्या हातचं शेवटचं काम आहे ते, आनेझा."

हे मात्र लागलं. आनेझा आपल्या छताच्या कडेशी वाकली. डांबरात एके ठिकाणी त्याच्या तळहाताचा ठसा होता, पाचही बोटं. तिने त्यावर वाळूची पहिली मूठ टाकली.

"देवमाते, पाप असेल तर माझ्याच माथी मार," ती पुटपुटली. "पोराच्या नको."

मारुसो शिव्या घालत होती आणि बादल्या भरत होती. पायांना पोती गुंडाळून आनेझाने वाळू तुडवली, वर पातळ चुना ओतला, केरसुणीने पसरला. पहिला हात करडाच दिसला. दुसरा दिला. दर बादलीला ती कान देत होती. खालून आवाज नव्हता. एकदा तर तिला वाटलं, आता खाली जाऊच नये. जोवर मी वर आहे तोवर ते जिवंत आहे.

ऊन कलायला लागलं तेव्हा चुना संपला. ती खाली आली. आढ्याला तळहात लावला. दुपारी तिथे हात ठरत नव्हता, आता ठरला. मोस्का हुंदके देत होती.

आनेझा खाटेकडे धावली. "काय झालं?"

"प्यायलं, आई. दोनदा."

तिने चुन्याचे हात झग्याला पुसले आणि दुपट्याखाली बोट घातलं. ओलं होतं. तेच दुपटं तिने गालाला लावलं आणि खाली बसली.

दारातून मारुसो म्हणाली, "चाळिसाव्यापर्यंत उरलेले नऊ दिवस माझ्या पायरीवर कुणाला तुझ्या पांढऱ्या छपराबद्दल बोलू देणार नाही. पण उद्या माझ्याकडचा चुना घेऊन तिसरा हात दे. पश्चिमेचा कोपरा अजून काळाच आहे."