अदृश्य लेकरांची पावलं

गुरुवारी सकाळी दहा वाजता अणदूरजवळच्या माळावर चारशे माणसं एका रिकाम्या खोलीकडं डोळे लावून बसली होती. खोलीत काहीच नव्हतं आणि तेच बघायला सगळे आले होते. मुरुमहून टेम्पो आला होता, उमरग्याहून दोन जीपा आल्या होत्या, एक नवरदेव तर हळदीच्या अंगानं आला होता. या खोलीत दोन लेकरं राहतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची पावलं उमटतात, अशी ख्याती पार सोलापूरपर्यंत पोचली होती.

त्या गर्दीत यायची अजिबात इच्छा नसलेला माणूस एकच, राजपाल बनसोडे. ते कोर्टाचे बेलीफ. समन्स बजावायचं, नोटीस दारावर डकवायची, जप्तीला जाऊन शिव्या खायच्या, यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. माणूस घरात असून तो नाही असं सांगणारे त्यांनी हजारोंनी पाहिले होते. माणूस नसून तो आहे असं सांगणारा मात्र हा पहिलाच.

त्याचं नाव रणधीर. बायकोशी पटेना म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं दहा वर्षांची समृद्धी आणि सहा वर्षांचा स्वराज यांचा ताबा त्यांच्या आईकडं, भाग्यश्रीकडं दिला. बापानं सुट्टीत आठ दिवस न्यावं, असं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं लेकरं नेली ती परत आणलीच नाहीत. कोर्टानं हुकूम काढला, मुलांना हजर करा. पहिल्या तारखेला रणधीर म्हणाला, लेकरं आजारी आहेत. दुसऱ्या तारखेला म्हणाला, कुठं गेली ठाऊक नाही. तिसऱ्या तारखेला जजसाहेबांनी तुरुंगाचा विषय काढला, तेव्हा त्यानं शपथपत्रच दिलं. अंतर्धान महाराजांच्या कृपेनं लेकरं अदृश्य झाली असून मठात सुखरूप आहेत, म्हणजे ती हजरच आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

त्याचे वकीलही काही कमी नव्हते. मुलांना हजर करा असा हुकूम आहे, ती दिसली पाहिजेत असं हुकमात कुठं म्हटलंय, असा मुद्दा त्यांनी मांडला. जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निदान वकील तरी दिसतोय याची खात्री करून घेतली. मग त्यांनी राजपालना बोलावलं. पोलीस आणि मुलांची आई यांना बरोबर घेऊन मठात जा, असं सांगितलं.

"जागेवर पंचनामा करा, बनसोडे," ते म्हणाले. "दिसेल ते लिहा. दिसणार नाही तेही लिहा."

तोवर गावोगावच्या हॉटेलांत कायद्याचा कीस पडू लागला होता. अदृश्य लेकराला एसटीत हाफ तिकीट लागतं का? रेशनकार्डावर त्याचं नाव ठेवायचं की कमी करायचं? एका मुख्याध्यापकांना तर वेगळीच काळजी लागली होती. उद्या सगळ्याच पालकांनी पोरं अदृश्य बसलीत असं सांगितलं, तर खिचडी किती शिजवायची? लेकरं खरंच कुठं आहेत, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

भाग्यश्री जीपमध्ये मागं पोलीस बाईंशेजारी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नव्या सँडलचे दोन जोड. लेकरांचा पाय सहा महिन्यांत वाढला असेल म्हणून तिनं एकेक नंबर मोठा घेतला होता. वाटेत तिनं एवढंच विचारलं, "काका, ती असतील ना कुठंतरी?" राजपालनी हुकमाचा कागद परत एकदा उघडून वाचला.

मठ म्हणजे पत्र्याचं शेड आणि त्याला लागून दहा बाय दहाची एक खोली. खोलीच्या दारापुढं पुरुष बसायचे. त्यांच्यामागं तीस हातांवर एक दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडं बायका. बाईची सावली पडली तर लेकरं परत माणसांत येतात, असा महाराजांचा नियम होता.

महाराजांनी भाग्यश्रीला दोरीशीच अडवलं. "माई, तुमी आत आल्या तर लेकरं दिसाय लागतील."

"मला तेच पाहिजे," भाग्यश्री म्हणाली.

महाराजांनी दोरीची गाठ आणखी आवळली. ते गृहस्थ पूर्वी महांतप्पा या नावानं तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवत फिरायचे. बऱ्याच बोअर कोरड्या गेल्यावर ते मठ काढून बसले. जमिनीतलं पाणी लोकांना उकरून बघता येतं. अदृश्य लेकरांच्या बाबतीत ती भीती नव्हती.

"हे सूक्ष्म देहाचं वायब्रेशन हाय," त्यांनी गर्दीकडं वळून सुरुवात केली. "मानसाचं डोळं म्हंजी टू-जी. ही लेकरं गेल्यात फाइव्ह-जीवर. मग तुमाला रेंज कशी मिळंल?"

चारशे माना डोलल्या. त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनला तिथं खरोखरच रेंज नव्हती, त्यामुळं मुद्दा लगेच पटला.

मग विधी सुरू झाला. खोलीतल्या जमिनीवर तांदळाचं पीठ चाळून एकसारखा थर दिला होता. मधोमध एक पाट आणि दारापासून पाटापर्यंत पिठाविना सोडलेली चिंचोळी वाट. अंघोळ करून, फक्त धोतर नेसून रणधीर पाटावर बसायला आत निघाला. डाव्या हातात पेटलेल्या निरांजनाचं ताट, उजव्या हातात माळ. ताट खाली ठेवलं तर लेकरं कायमची जातील, असं महाराजांनी बजावलं. म्हणजे बापाचे हात गुंतलेले, शंकेला जागा नको.

राजपालना शंका होतीच. बाजारात रांगोळीचे छाप मिळतात, तसा एखादा लाकडी छाप त्यानं लपवला असणार, असा त्यांचा ठाम हिशेब होता. त्यांनी धोतराचा सोगा झटकला, माळ तपासली, आत वाकून पाट उलटा करून बघितला. काही सापडलं नाही. गर्दीतून कुणीतरी विचारलं की, साहेब, लेकरं पाटाखाली दडल्यात व्हय, आणि एकच हशा पिकला.

दार बंद झालं. तीन आरत्या झाल्या. दार उघडलं.

पिठावर पावलं उमटली होती. इवलीइवली, गोंडस, पाच-पाच बोटांची. गर्दीतून हुंदका फुटला. नवरदेवानं हळदीच्या अंगानं साष्टांग नमस्कार घातला. क्षणभर राजपालांनाही ते खरं वाटलं. हे त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं होतं.

मग त्यांनी खिशातला टेप काढला. पंचनाम्याची सवय अशी कामाला येते. पावलं एकोणीस. प्रत्येकाची लांबी चार इंच. दहा वर्षांच्या मुलीचा आणि सहा वर्षांच्या मुलाचा पाय एकाच मापाचा, आणि तोही तान्ह्या बाळाएवढा?

"देह सूक्ष्म, तवा पाय बी सूक्ष्म," महाराजांनी खुलासा केला.

"आणि एकोणीसच्या एकोणीस पावलं उजवीच आहेत. डावा पाय कुठंय?"

भक्त महाराजांच्या मदतीला धावले. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "लंगडी खेळत्यात लेकरं." गर्दी गहिवरली.

पावलाच्या मध्यावर एक आडवी खूण होती, प्रत्येक पावलात तशीच. ते विष्णूचं चक्र निघालं. सगळी पावलं पाटाच्या उजव्या अंगाला होती. ती बापाची माया निघाली.

राजपालनी सगळं लिहिलं आणि पेन थांबलं. दिसलं ते लिहून झालं होतं, पण ते झालं कसं, हे त्यांना सांगता येईना. कागद असाच कोर्टात गेला तर रणधीरचे वकील नाचतील, पुढची तारीख पडेल आणि तिकडं लेकरं कुठं असतील ती असतील. दोरीपलीकडं भाग्यश्री पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्या शेजारी बसलेली एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

एवढ्या रडणाऱ्या गर्दीत कुणी हसतंय हे बघून राजपालना आश्चर्य वाटलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक त्यांनी टेम्पोवाल्याला धरलं होतं. दुसरा पंच म्हणून त्यांनी म्हातारीलाच बोलावलं. तिचं नाव सिताबाई. महाराज आडवे आले, बाईमाणूस आत चालणार नाही म्हणाले. राजपालनी हुकमाचा कागद त्यांच्यापुढं धरला आणि मठाचा नियम यात कुठं लिहिलाय ते दाखवा, असं सांगितलं. पोलीस बाईंनी दोरी सोडली.

सिताबाई आत येऊन पाटाशेजारी बसली, पिठाकडं बघितलं आणि पदर तोंडावरून काढला.

"साहेब, हे पाय न्हायती. ही मूठ हाय."

"मूठ?"

"चाळीस वरसं म्या महालक्षम्याची पावलं काढत्याय. तुमच्यात न्हायत बसवत, तुमाला कसं कळंल?"

ते खरं होतं. राजपालांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी गौरी-महालक्ष्म्या बसवल्या नव्हत्या. पण इथं बसलेल्या बहुतेक पुरुषांच्या घरी दर भादव्यात उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं उमटत होती. ती ओलांडून हे लोक वर्षानुवर्षं पुरणपोळी खायला पाटावर बसत आले होते. पावलं कशी काढतात, हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं, त्या सगळ्या दोरीपलीकडं तीस हातांवर होत्या.

सिताबाईनं उजव्या हाताची मूठ वळली आणि करंगळीकडची बाजू पिठावर अलगद टेकवली. टाच आणि तळवा उमटला. मग बोटांची टोकं टेकवून पाच ठिपके दिले. एकोणीस पावलांशेजारी विसावं पाऊल तयार झालं, तेवढंच गोंडस, तेही उजवं. "उजव्या मुठीचा उजवा पाय, डाव्या मुठीचा डावा," ती म्हणाली. "ह्येच्या डाव्या हातात ताट हुतं. मग लेकरं लंगडी खेळत्याल न्हाय तर काय?"

दोरीकडून हसण्याची लाट आली. बायकांचं हसणं पुरुषांपर्यंत पोचायला जरा वेळ लागला.

राजपाल विसाव्या पावलावर वाकले. त्यात चक्र नव्हतं. त्यांनी रणधीरचा उजवा हात धरून वर केला. करंगळीत चांदीची जाड अंगठी होती आणि तिच्या नक्षीत पीठ अडकलं होतं. आपण धोतर झटकलं, पाट उलटा केला आणि साध्या हाताकडं बघितलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

महाराज मागच्या दारानं सूक्ष्म व्हायला निघाले होते. पोलीस बाईंनी त्यांना स्थूलातच पकडलं. जादूटोणाविरोधी कायदा म्हणजे काय, हे त्या त्यांना जीपपर्यंत चालता चालता समजावून सांगत होत्या.

गर्दी अजून हसत होती. राजपाल हसले नाहीत. ते रणधीरसमोर पिठात बसले आणि अगदी हळू बोलले.

"रणधीरराव, आता नीट ऐका. लेकरं या खोलीत आहेत, असं तुम्ही शपथेवर लिहून दिलंय. खोलीत फक्त तुमची मूठ आहे. सहा महिने लेकरं कुणी बघितली नाहीत. शेवटची ती तुमच्याबरोबर होती. आता मी कागदावर काय लिहू? आणि ते वाचून कोर्ट तुम्हाला पुढचा प्रश्न कोणता विचारील?"

हसणं थांबलं. चारशे माणसांना तो प्रश्न एकदमच सुचला. भाग्यश्री गर्दीतून वाट काढत दाराशी आली.

रणधीरच्या हातातलं ताट खाली आलं, निरांजन विझलं. "जित्ती हायती वो," तो रडतच म्हणाला. "येरमाळ्याच्या पुढं, आत्याच्या आखाड्यावर. खात्यात, पित्यात. हजर केली असती तर माझी लेकरं माझ्यापासनं गेली असती, साहेब."

"आठ दिवस तुमच्या वाट्याला होते," राजपाल म्हणाले. "ते तुम्ही स्वतःच घालवलेत."

दुपारी तीनला जीप त्या आखाड्यावर, शेतातल्या घरापाशी पोचली. पोरं लिंबाखाली अनवाणी खेळत होती. समृद्धी आईला बघून धावत सुटली आणि येऊन आदळली. स्वराज मात्र झाडाआडून हलेना. आत्याआजीच्या फोनवर त्यानं मठाची रील वीस वेळा पाहिली होती. त्यात त्याचं नाव घेऊन माणसं रडत होती, आणि तो अदृश्य झालाय असं सगळे सांगत होते. पाहुणे आले की आजी त्याला आत कोंडायची. सहा वर्षांच्या पोरानं याचा जो अर्थ लावायचा तो लावला होता.

भाग्यश्री त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली. त्यानं तिच्या तोंडापुढं हात हलवून बघितला.

"आई, मी दिसतो का तुला?"

तिनं त्याचा डावा पाय हातात घेतला, धूळ झटकली आणि सँडल घालायला गेली. एक नंबर मोठा घेऊनही सँडल बसला नाही. तिनं टाच दाबून पाहिली, परत पाहिली. मग तो पाय तसाच मांडीवर घेऊन ती रडली.

राजपालनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, "दोन्ही मुले दिसली. चौघांच्या समक्ष. पाय चार, दोन उजवे, दोन डावे." एकतीस वर्षांत इतका साधा पंचनामा त्यांनी कधी लिहिला नव्हता.

मठाला आता कुलूप आहे. पण माळ मोठा आहे, नारळही स्वस्त आहेत, दुसरा कुणीतरी येईलच. तो आला की जरूर बघायला जा, लांबून मात्र हात जोडू नका. जवळ जा, माप घ्या, बोट लावून बघा. तिथं दोरी बांधलेली असली तर पहिल्यांदा ती सोडा आणि पलीकडं बसवलेल्यांना विचारा. त्यांना बहुतेक माहीत असतं.