ट्रिमचं चाक

"फिरतंय की आता, काका," विमानात बसलेली प्रेरणा म्हणाली. "राहू द्या. जड गेलं तर मी दांडी ओढून धरेन."

"धुळ्यापत्तूर?" गोरखनं खालून विचारलं. "हात भरून येतील. वर वाऱ्याचं काय सांगावं?"

आंबवड्याच्या वरच्या माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये ते जुनं दोन माणसांचं विमान उभं होतं. प्रेरणाच्या वडिलांनी, अमृतरावांनी, ते हौसेनं घेतलं आणि देखभालीसाठी गोरखच्या हवाली केलं. अमृतराव मागल्या पावसाळ्यात वारले. उद्या सकाळी प्रेरणा ते धुळ्याला नेणार होती. तिथं ती विमान चालवायला शिकवते. बाकी सगळं ठीक होतं, फक्त ट्रिमचं चाक अडत होतं. सीटजवळचं हे छोटं चाक फिरवलं की तार ओढली जाते आणि शेपटीवरची एक पट्टी वर-खाली होते. ती नेमकी बसली की विमान आपसूक सरळ चालतं. नाही बसली, तर चालवणाऱ्याला वाटभर दांडीशी झगडावं लागतं.

ही पट्टी हलवणाऱ्या शेपटीतल्या स्क्रूवरचं ग्रीस वाळून खडा झालं होतं. गोरखनं ते रॉकेलनं धुऊन नवं भरलं, तेव्हा कुठं चाक हललं होतं.

प्रेरणा जेवायला भोरला गेली. गोरखला मात्र बसवेना. चाक फिरवायचा, शेपटीकडे जायचा, परत यायचा. पूर्वी तारेवर दोन बोटं टेकवली की ती कुठं घासते ते त्याला कळायचं. रक्तातल्या साखरेनं बोटं बधिर झाली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. मघाशी स्क्रू धुताना रॉकेलचा गारवासुद्धा जाणवला नव्हता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची बायको मंगल डबा घेऊन आली.

"जेवून घ्या की. किती येरझारा घालताय?"

गोरखनं हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. "माझ्या बोटांना कळंना झालंय," तो म्हणाला.

"ठावं हाय मला. शर्टाची बटनं बघून बघून लावताय तुमी."

मग त्यानं शेपटीवरचं झाकण काढलं. "हितं तारंवर बोटं ठिव. म्या चाक फिरवतो."

"म्या? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्या शिलाई मशीनचं चाक अडलं की कळतं न्हवं? तसंच. काय लागलं तर सांग. न्हाई लागलं तर न्हाई म्हण. मला बरं वाटावं म्हणून बोलू नगं."

इतक्या वर्षांत त्यानं मंगलला त्या विमानाला हात लावू दिला नव्हता. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. गोरख चाक फिरवत राहिला.

"थांबा," ती म्हणाली. "हितं खरखरतंय. लई न्हाई, पण खरखरतंय."

बॅटरीच्या उजेडात त्यानं पाहिलं. आतल्या कप्पीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. कप्पी फिरतच नव्हती. तार तिच्यावरून नुसती घासत होती. गोरखनं कप्पी सोडवून धुतली. मंगलनं तारेवरून फडकं ओढलं, ते कुठंच अडकलं नाही. म्हणजे तारेचा धागा तुटलेला नव्हता. कप्पी बसवून त्यानं परत चाक फिरवलं.

"आता?"

"न्हाई लागत काय."

"परत बघ."

"न्हाई म्हणलं न्हवं."

प्रेरणा परतली तेव्हा तो दारातच उभा होता.

"आत कप्पी अडली हुती. सोडवली. पण ती मोकळी झालीय हे मला कळलेलं न्हाई, पोरी. माझी बोटं गेलीत. हिनं सांगितलं म्हणून सांगतो. तू बघ, उद्या तपासायला इंजिनियर येईल त्यालाबी बघू दे."

प्रेरणानं त्याच्या हातांकडे पाहिलं. "कधीपासून?"

"झालं की वरीस."

तिनं आत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग उतरून मंगलजवळ आली. "काकू, कुठं हात ठेवला होतात? मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं सगळं तपासून सही केली. विमान गवतावरून धावलं, उठलं आणि आंबवड्यावरून वळून दिसेनासं झालं. इंजिनियर निघून गेला. गोरख शेड झाडत बसला. झाडलेलंच परत झाडत होता. मंगल त्याला घरी चला म्हणाली नाही.

दुपारी फोन वाजला.

"पोचले, काका," प्रेरणा म्हणाली. "संगमनेरच्या पुढं वारं पडलं, तेव्हा दांडी सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते."

"काकूशी बोल," म्हणत गोरखनं फोन मंगलच्या हातात दिला.

मंगल बोलत राहिली. गोरख रिकाम्या शेडचं दार लावायला उठला, ते अर्ध्यावर ओढलं आणि तसंच उघडं सोडून दिलं.