चावी कोणाजवळ

लियाकतचाचांनी तीस हंगाम नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं, आणि तीस हंगामांत एकाही प्रेक्षकाला त्यांचं तोंड दिसलं नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध केलेल्या खड्ड्यात बसतो. तोंड नटांकडे, पाठ लोकांकडे. नट आज या गावी, उद्या त्या गावी, तालमीला वेळ कोणाला? खड्ड्यातून वाक्य येतं, नट ते उचलतो, टाळी नटाला पडते. चाचांना त्याची खंत नव्हती. टाळी त्यांना पडली असती तर ते पळूनच गेले असते.

घसा बसला तो बसलाच, तेव्हा काम सुटलं. दोन वर्षं घरात पुस्तकं चाळण्यात गेली. मग २००८च्या पावसाळ्यात त्यांचा पुतण्या मुबीन सुनिलभाऊंचा निरोप घेऊन आला. मुबीनचं वडशाला सायबर कॅफे होतं. सुनिलभाऊ जिल्हा परिषदेचे सदस्य. पुढच्या साली आमदारकीचं तिकीट मिळेल या आशेवर होते. त्यांच्यासाठी मुबीनने ऑर्कुटवर ‘बोला भाऊंशी’ नावाची कम्युनिटी उघडली होती. नागपूर-पुण्याला शिकणारी इकडची पोरं तिथे प्रश्न टाकत. उत्तर द्यायला भाऊंकडे ना वेळ होता, ना वाक्यं.

“चाचा, तुमाले डायलॉग येतात,” मुबीन म्हणाला. “तुम्ही वहीत लिवा, मी टाईप करतो. खाली नाव भाऊचं.”

नाही म्हणणं चाचांना कधी जमलं नव्हतं.

रोज सकाळी दहा ते एक ते कॅफेतल्या कोपऱ्यात बसत. मुबीन प्रश्न वाचून दाखवी. वीज नाही, शिष्यवृत्ती अडली, रस्ता वाहून गेला. चाचा लिहीत : आपली सूचना मोलाची आहे. मी जातीने लक्ष घालतो. शिव्याही येत. मुबीन त्या पुसून टाकी, पण पुसण्याआधी वाचाव्या लागतच. शिव्या भाऊंच्या नावाच्या, खाणारे चाचा. दुपारी घरी जाताना, काही उचललं नसतानाही, अंग मोडून येई.

सप्टेंबरात दीपिका नावाच्या मुलीने लिहिलं. ती नागपूरला नर्सिंग शिकत होती, गाव जंगलात आत. गावात दवाखान्याची इमारत बांधून दीड वर्ष झालं होतं, पण दाराला कुलूप. वहिनीला जानेवारीत दिवस भरत होते. मागच्या खेपेला तिला बाजेवर टाकून सात मैल न्यावं लागलं होतं, आणि मूल वाटेतच गेलं होतं. कुलूप कधी निघेल?

चाचांनी ‘आपली सूचना’ एवढं लिहून खोडलं. मग एकाएकी वाक्य आलं, तीस हंगामांत आलं नव्हतं असं. ‘ताई, तुमच्या वहिनीच्या बाळाचं पहिलं रडणं त्याच दवाखान्याच्या भिंती ऐकतील. हा तुमच्या भावाचा शब्द आहे.’

दोन दिवसांत चाळीस जणांनी खाली वाहवा लिहिली. भाऊंचा फोन आला.

“चाचा, काय लिवलं म्हणते तुम्ही! लोक खूश हायेत ना बाप्पा.”

“भाऊ, ते दवाखान्याचं जरा...”

“हो हो, पाहू ना.” फोन बंद.

चाचांनी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता, हे त्यांना ठाऊक होतं.

जानेवारीत, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत, भाऊंनी कम्युनिटीचा स्नेहमेळावा ठेवला. रात्रीच्या नाटकाचा मंडप तयारच होता; दुपारी तोच वापरायचा ठरला. “कोणतं पोट्टं कोण, मले का माहीत?” भाऊ म्हणाले. “तुम्ही आपल्या जुन्या जागी बसा. खालून सांगा, मी वरून बोलतो.”

चाचा वही घेऊन खड्ड्यात उतरले. गुडघे कुरकुरले. सुरुवातीचा तासभर सगळं सुरळीत चाललं. चाचा कुजबुजत, भाऊ उचलत, लोक टाळ्या देत. मग एक मुलगी उभी राहिली.

“भाऊ, मी दीपिका. वहिनीला नववा सरून राह्यला. कुलूप तसंच आहे.”

“माहिती घेतो,” चाचा कुजबुजले.

“मी माहिती घेतो, ताई,” भाऊ म्हणाले.

तिच्या शेजारी तिची आई उठली, मंगलीबाई. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला छापील कागद तिने वर धरला. “माहिती घेतो असं नोतं, भाऊ. पोरीनं वाचून दाखोलं मले. भिंतीले रडनं आयकू येईन म्हने. तुमी शबद देल्ता.”

भाऊंनी खाली पाहिलं. चाचांपाशी वाक्यं होती, तीन तरी होती, आणि कुठल्याही वाक्याला टाळी पडली असती. पण तोंडातून एकही निघेना.

“चाचा, पुढं का?” भाऊ कुजबुजले, आणि माईकने ते साऱ्या मंडपाला ऐकवलं.

हशा पिकला. “प्रॉम्प्टर झोपला बे!” मागून कोणी ओरडलं.

चाचा उठले, आणि लोकांकडे वळले. एवढे चेहरे त्यांनी इथून कधी पाहिले नव्हते.

“ते मी लिहिलं,” ते म्हणाले. फुटक्या आवाजात, माईकशिवाय. पण पहिल्या रांगांना ऐकू गेलं.

भाऊंचा जीव भांड्यात पडला. “पाहा, असं होते! आपले चाचा नाटकवाले. भावनेच्या भरात लिवून बसले. आपण पाहू ना. हं, पुढचा प्रश्न.”

मंगलीबाईने भाऊंकडे मग पाहिलंच नाही. ती वाट काढत खड्ड्यापाशी आली.

“तुमी लिवलं?”

“हो, बाई.”

“मंग चावी तुमच्याजवळ हाये?”

“नाई.”

“कोनाजवळ हाये?”

चाचांनी सवयीने वही उघडली. पावसाळ्यापासूनची उत्तरं होती तिच्यात, बारीक अक्षरात. चावी कोणाजवळ आहे, हे त्यांनी कधी कोणाला विचारलंच नव्हतं.

“माहीत नाई.”

“मंग लिवलं काऊन?”

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळलं नव्हतं. चाचांना उत्तर माहीत होतं : वाक्य आवडलं म्हणून. पण ते तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

“चाला मंग,” ती म्हणाली.

“कुठी?”

“इचारू ना. ठेकेदाराजवळ असन, नाईतं सायबाजवळ असन. आमी दोनदा गेलो, तं म्हने लिवून आना. तुमाले तं लिवता येते.”

दीपिकाने हात दिला. चाचा खड्ड्यातून वर आले, लोकांच्या बाजूने. मागे माईकवर भाऊ सांगत होते, “मी जातीने लक्ष घालतो.” तेवढं वाक्य त्यांना आता पाठ झालं होतं.

स्टँडवर बस लागली नव्हती. साहेबाचं ऑफिस पाचला बंद होणार. तिघं बाकावर बसली. चाचांचा थकवा तसाच होता, जरासाही कमी झाला नव्हता. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि पेन उघडलं.

“सुनेचं नाव का, बाई?”

“बुधरी.”

त्यांनी ते आधी लिहिलं.