बसच्या पुढच्या काचेचा साचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. मला हातात घेतलेत तर तुम्ही म्हणाल, हा वाळलेला बटाटा कुणी जपून ठेवला आहे? म्हणा बापडे. मी आहेच तसा. मूठभर, एका अंगाने गोलसर, दुसऱ्या अंगाने सपाट, आणि पाठीत एक दांडा. पण माझी ही गोलाई एका बसच्या पुढच्या काचेची आहे. बस खेळण्याएवढी, खऱ्या बसच्या चोविसाव्या हिश्शाची. ती बनवणारे दोघे सख्खे भाऊ मात्र खऱ्या बसवरचे होते. थोरला ड्रायव्हर आणि धाकटा कंडक्टर.

माझा जन्म एका मोडक्या खुर्चीच्या पायातून झाला. ती खुर्ची थोरल्यानेच मोडली होती. दिवा बदलायला तो तिच्यावर चढला आणि खुर्चीसकट खाली आला. त्याच्या बायकोने आठवडाभर त्याला ते ऐकवले. तो निवृत्त झाला होता आणि दिवसभर घरात नुसता आडवा येत होता. धाकटा दोन गल्ल्यांवर एकटाच राहायचा. त्याने लग्न केले नव्हते. तो रोज दुपारी यायचा, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा आणि दादाला चिडवायचा. साठी उलटली तरी दादा त्याला छोटूच म्हणत असे. आपण आपलीच जुनी बस बनवू या, प्लास्टिकच्या शीटची, ही कल्पना त्या छोटूची.

मागच्या खोलीतले टेबल त्यांनी त्यासाठी अडवले. बसच्या सपाट बाजू पट्टी धरून सुरीने कापता आल्या. टपाचा बाक काढायला शीट बाटलीभोवती गुंडाळायची, चिकटपट्टीने बांधायची आणि वरून गरम पाणी ओतायचे. पट्टी सोडली की शीट थोडी उलगडते, म्हणून बाटली हव्या त्या बाकापेक्षा बारीकच घ्यावी लागते. हे कळेपर्यंत घरातल्या सगळ्या बाटल्या त्या टेबलावर जमा झाल्या होत्या. वहिनी औषध वाटीत ओतून ठेवू लागली.

पुढची काच मात्र बाटलीवर होईना. ती आडवीही वळलेली होती आणि उभीही. तिच्यासाठी मला घडवले. थोरल्याने मला कानशीने घासले, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत केले आणि मोठ्या ऐटीत भावापुढे धरले. पण त्याने मला काचेच्या अगदी मापात केले होते. माझ्यावर शीट चढली की तिची जाडी वाढणार, हे तो विसरला. पहिली काच चौकटीत बसेचना.

"दादा, अंगाच्या मापाची खिडकी आणि वर सदरा घालून घुसायचं म्हणतोस," धाकटा म्हणाला आणि पोट धरून हसला.

मग माझी कड पुन्हा चारी बाजूंनी घासली गेली. साच्याने खऱ्या वस्तूपेक्षा थोडे लहानच राहायचे असते. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. माझ्या जागी शीटला बसायचे होते, तेवढी जागा मी सोडली.

आता आमचे काम कसे चालायचे ते सांगतो. पारदर्शक शीटचा तुकडा एका भोक पाडलेल्या लाकडी चौकटीवर पिनांनी ताणून बसवायचा. धाकटा ती चौकट विजेच्या शेगडीवर धरायचा. शीटला आधी सुरकुत्या पडतात, मग ती एकदम ताठ होते, आणि मग मधोमध हळूच लोंबू लागते. लोंबली की चौकट दोन ठोकळ्यांवर ठेवायची, आणि थोरल्याने मला वरून त्या भोकात दाबायचे. थोडे आधी दाबले तर शीट फाटते. उशीर झाला तर तिला फोड येतात. शेगडीकडे नजर एकाची आणि मुठीत मी दुसऱ्याच्या, त्यामुळे इशारा लागे. धाकटा तोंडाने म्हणायचा, "टिंग टिंग!" कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, तोच नियम इथेही.

पहिल्यांदा मी त्या ऊन शीटमध्ये उतरलो, तेव्हा ती माझ्या अंगाला सगळीकडून बिलगली. गार झाल्यावर त्यांनी मला सोडवून घेतले आणि काच उजेडासमोर धरली. "वहिनी, बघायला या," धाकट्याने हाक मारली. वहिनीने ओल्या हातांनी येऊन पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, खरीच की!" माझ्याकडे कुणी पाहिले नाही. पण ते कौतुक माझेही होते, असे मी धरून चालतो.

त्या काचेत एक बारीक रेघ निघाली. माझ्या अंगावर कानशीची एक खूण राहिली होती, ती उतरली होती. पारदर्शक शीट काहीच लपवत नाही. मग पुन्हा घासणे, पुन्हा तापवणे. पुढच्या काचेत धूळ अडकली, त्याच्या पुढचीला फोड आला. दोघांपैकी कुणालाही घाई नव्हती. मला तर वाटते, ती काच लवकर व्हायलाच नको होती त्यांना. तेवढ्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी.

आणि मग तो वाईट दिवस आला. पण त्याआधीची एक जुनी गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ती मला वहिनीमुळे कळली. ती टेलिफोनवर तिच्या बहिणीला सांगत होती. खूप वर्षांपूर्वी, दोघे भाऊ एकाच गाडीवर असताना, एक बाई बसमध्ये चढता चढता पडली. तिचा एक पाय पायरीवर होता आणि गाडी हलली. बाई कायमची लंगडी झाली. चौकशी झाली. धाकट्याने साहेबांपुढे लिहून दिले की बेल मीच लवकर दिली. त्याला गाडीवरून काढून डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसवले. बसवर जीव असलेला माणूस पुढची चौदा वर्षे खिडकीतून दुसऱ्यांच्या बसच्या वेळा सांगत राहिला. "भावजींची चूक झाली खरी," वहिनी म्हणाली, "पण यांनी कधी भावाला टाकून बोललं नाही हो."

त्या वाईट दिवशी जाड शीट लावली होती. तिला वेळ लागतो. धाकटा वाकून पाहत होता. थोरल्याचा हात अवघडला होता, किंवा मनात दुसरेच काही असेल. धाकट्याने नीट बघायला म्हणून चौकट ठोकळ्यांवर टेकवली मात्र, थोरल्याने मला दाबले. शीट कडकन फाटली.

"अरे, काय हे!" थोरला ओरडला. "कच्ची असताना बेल कशाला दिलीस?"

"मी कुठे दिली, दादा?"

"दिलीस. ऐकली मी."

"नाही दिली. मी अजून बघत होतो."

मित्रांनो, बेल झाली नव्हती. मी त्याच्या मुठीत होतो, मला पक्के ठाऊक आहे. थोरल्यालाही ते ठाऊक असावे, कारण त्याच्या तळव्याला घाम आला होता. पण चोर तो चोर, वर शिरजोर. तो म्हणाला, "तुझी सवयच आहे ती. त्या बाईच्या वेळीही तेच केलंस."

धाकट्याने शेगडीचे बटण बंद केले. फाटकी शीट चौकटीवरून काढली, एकेक पिन डबीत ठेवली. मग अगदी हळू आवाजात बोलला.

"दादा, बेल मी दिली असं मी साहेबांसमोर म्हणालो होतो. तुझी पोरं लहान होती म्हणून म्हणालो. तुझ्यासमोर कधी म्हणालो का?"

थोरल्याने मला टेबलावर ठेवले. बाहेरून वहिनीने हाक मारली, "भावजी, चहा झालाय." "आज नको, वहिनी," म्हणून धाकटा चपला घालून निघून गेला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. थोरला दुपार झाली की मागच्या खोलीत येऊन बसायचा. दार वाजले की उठायचा, आणि दूधवाला नाहीतर पोस्टमन पाहून परत यायचा. एकदा त्याने एकट्याने प्रयत्न करून पाहिला. एका हातात चौकट, दुसऱ्या हातात मी. शीट जळली. खोलीभर वास झाला, आणि वहिनी खिडक्या उघडत म्हणाली, "अहो, बोलवा ना भावजींना. दोन गल्ल्यांवर तर आहेत."

"त्याला यायचं तर येईल," तो म्हणाला.

एका दुपारी वहिनी बाजारात गेली होती. त्याने मला हातात घेतले आणि पॉलिश पेपरने घासू लागला. घासण्यासारखे काही उरले नव्हते, तरी घासत होता. आणि एकाएकी बोलू लागला. माझ्याशीच, कारण तिथे दुसरे कुणी नव्हते.

"त्यानं बेल दिली नव्हती. बाईचा पाय पायरीवर होता. मी आरशात बघितलंच नाही. घाई होती मला. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते इतकी वर्षं खरं धरून बसलो. सोयीचं होतं ना." त्याने डोळे पुसले. लाकडाची भुकटी डोळ्यांत गेली म्हणून आणखीच पाणी आले. "सांगतो त्याला. येत्या रविवारी जातो आणि पाय धरून सांगतो."

मला केवढा आनंद झाला! मी रविवारची वाट पाहू लागलो. रविवारी त्याचा गुडघा दुखत होता. पुढच्या रविवारी तो म्हणाला, इतक्या सकाळी कुठे जायचे. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने चांगला सदरा घातला, बाहेरच्या दारापर्यंत गेला आणि परत येऊन वर्तमानपत्र उघडले. मी टेबलावरून सगळे पाहत होतो. मला पाय असते तर मीच गेलो असतो. मी तर खुर्चीचा पाय, पण चालायचा नव्हे.

चौथा रविवार यायच्या आत त्याला दवाखान्यात नेले. तिथून तो परत आला नाही.

नंतर पुष्कळ दिवस मागच्या खोलीचे दार कुणी उघडले नाही. काच नसलेली ती बस टेबलावर उभी होती, आणि तिच्याजवळ मी. माझ्यावर धूळ साचली, एका बाजूने बारीक चीरही गेली. त्याचे मला काही नाही. माझ्यापाशी एका माणसाचे बोलणे होते. ते दुसऱ्या माणसाचे होते, आणि तो दोन गल्ल्यांवर राहत होता. एवढेच मला सोसवत नव्हते.

मग एक दिवस धाकटा आला. वहिनीने त्याला आत आणले. तो खूप वाळला होता. त्याने बसकडे पाहिले, मग मला उचलले, फुंकर मारून धूळ उडवली आणि अंगठा माझ्या गोलाईवरून फिरवला.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा शेवटी काही म्हणाला का? माझ्याबद्दल? त्या जुन्या गोष्टीबद्दल?"

वहिनीने पदर सावरला. ती सरळ बाई आहे. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला सांगू, भावजी? नाही. एक शब्द नाही बोलले."

मी त्याच्या हातात होतो, मित्रांनो. त्याच्या तळव्यात होतो.

त्याने मान हलवली. "नसेल बोलला," म्हणाला आणि मला जिथल्या तिथे ठेवून गेला.

आमच्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला नीट ठेवा, ऊनपावसापासून जपा. मी तसे काही मागत नाही. मला चुलीत घातलेत तरी चालेल. फक्त एवढे करा. कुणाजवळ चूक कबूल करायची असेल, तर त्याच्याच दारात जाऊन करा, आणि आजच जा. लाकडाजवळ बोलू नका. लाकूड सगळे ऐकून घेते, आणि कुणाला सांगत नाही.